‘ब्यूटी’ या कादंबरीमागील परीकथेचा प्रवास

रॉबिन मॅकिन्ले यांची ‘ब्यूटी’ ही कादंबरी १९७८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. जुन्या परीकथा कादंबरीच्या विस्ताराने किशोरवयीन वाचकांना पुन्हा सांगण्याची जी परंपरा आज इंग्रजीत चांगली रुजली आहे, तिच्या आरंभीच्या कृतींमध्ये या कादंबरीची गणना होते. मात्र ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ही सुंदर तरुणी आणि शापित पशू यांची कथा तरुण मुलींसाठी नव्याने लिहिली जाण्याची ती पहिली वेळ नव्हती, आणि हा पूर्वेतिहास ठाऊक असल्याखेरीज मॅकिन्ले यांनी नेमके काय बदलले हे लक्षात येत नाही.

हिचे मूळ मानली जाणारी, अदृश्य पतीसोबत राहणाऱ्या मुलीची कथा फार जुनी आहे. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक अपुलेयस याने सांगितलेली प्रेमदेव क्युपिड व मानवकन्या सायकी यांची कथा हे तिचे प्रसिद्ध रूप. आपल्या परिचयाची कथा मात्र गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह या फ्रेंच लेखिकेने १७४० मध्ये लिहिली. जहाजाने सेंट डोमिंग या कॅरिबियनमधील फ्रेंच वसाहतीकडे निघालेल्या एका तरुणीला प्रवासात सांगितलेली गोष्ट, अशी तिची मांडणी असून ती चांगलीच दीर्घ आहे. नायिकेच्या व्यापारी वडिलांना सहा मुलगे आणि सहा मुली आहेत, नायिकेच्या स्वप्नात रोज एक देखणा राजपुत्र येतो, आणि पशू तिला दर रात्री विचारतो तो प्रश्न लग्नाचा नसून शय्येचा आहे. मुलीचे लग्न वडीलधाऱ्यांनी ठरवायचे आणि तिने परक्या पुरुषाच्या घरी निमूटपणे जायचे, असा त्या काळच्या सुखवस्तू घरांतला रिवाज होता. अशा समाजात पशू रोज संमती विचारतो आणि नकार मिळाल्यावर मुकाट्याने निघून जातो, हे मला या मूळ कथेचे सर्वांत धाडसी अंग वाटते.

सोळा वर्षांनी, १७५६ मध्ये, लंडनमध्ये फ्रेंच शिक्षिका म्हणून काम करणाऱ्या झान-मारी लप्रँस द बोमाँ यांनी ही कथा मुलींसाठीच्या आपल्या पाठ्यपुस्तकात घेतली. शिक्षिका आणि तिच्या विद्यार्थिनी यांच्या संवादांतून हे पुस्तक उलगडते. बोमाँ यांनी बारा भावंडांची सहा केली, स्वप्ने आणि शेवटचा लांबलचक पूर्ववृत्तान्त गाळला, शय्येच्या प्रश्नाऐवजी विवाहाचा प्रश्न घातला आणि मत्सरी बहिणींचे अखेरीस पुतळे केले. रूप आणि बुद्धिचातुर्य यांहून सद्गुण श्रेष्ठ, ही शिकवण त्यांना द्यायची होती. पुढे जगभर पोचली ती हीच आटोपशीर आवृत्ती. त्यातला एक तपशील मात्र शिकवणीपलीकडचा आहे: पशूच्या वाड्यात नायिकेसाठी राखलेल्या दालनात मोठे ग्रंथालय असते, आणि तिथल्या एका पुस्तकावर सोनेरी अक्षरांत लिहिलेले असते की, इच्छा कर, आज्ञा दे, इथली राणी आणि स्वामिनी तूच आहेस.

एकोणिसाव्या शतकात ही कथा चित्रमय बालपुस्तकांत स्थिरावली आणि तिचा मूळ तरुण वाचकवर्ग दुरावला. तो परत मिळवण्याचे श्रेय मॅकिन्ले यांना द्यावे लागते. त्यांच्या नायिकेचे खरे नाव ऑनर. ‘ब्यूटी’ हे लाडाचे नाव तिला शोभत नाही असे तिचे स्वतःचेच मत आहे. ती ग्रीक आणि लॅटिन आवडीने वाचते, आणि तिच्या बहिणी दुष्ट नसून मायाळू आहेत. बहिणींचा मत्सर वगळल्यामुळे कथेला खलनायिकेचा आधार उरत नाही, आणि सगळा भार दोन व्यक्तींच्या हळूहळू वाढत जाणाऱ्या ओळखीवर येतो. कादंबरीचा विस्तार इथे सार्थकी लागतो. वाड्यातले ग्रंथालयही येथे आहे, पण त्यात अद्याप लिहिली न गेलेली, भविष्यकाळातली पुस्तकेही आहेत. बोमाँ यांनी वाचन हा सद्गुणी मुलीचा अलंकार मानला होता. मॅकिन्ले यांच्याकडे ती नायिकेची भूक आहे.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, ब्रिटिश लेखिका अँजेला कार्टर यांनी प्रौढ वाचकांसाठी लिहिलेल्या एका कथेत पशूचा माणूस होण्याऐवजी नायिकाच वाघीण होते. मॅकिन्ले यांनी १९७८ मध्ये परंपरेप्रमाणे पशूला पुन्हा माणूस केले होते. त्यांनाही ही कथा सोडवेना, आणि १९९७ मध्ये त्यांनी ‘रोझ डॉटर’ ही दुसरी कादंबरी लिहून तीच गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी निर्णय नायिकेच्या हाती दिला आहे, आणि पशूने पशूच राहावे अशी निवड ती करते.