शून्य बोल्टाच्या बाजूला धरा

भोसरी-चिंचवडच्या मशीन शॉपमध्ये एक समज हमखास भेटतो: मिलिंग मशीनवरचा व्हाइस, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) दोन जॉंमध्ये, म्हणजे जबड्यांमध्ये, पकडणारा शिकंजा, सरळ लागणं हा हाताचा गुण. एकाच्या दोन टोल्यांत डायलची (बारीक फरक सुईने दाखवणाऱ्या मापकाची) सुई थांबते, दुसरा अर्धा तास ठोकत बसतो. फरक खरा आहे, पण तो हातात नाही. डायलचा शून्य जॉच्या कुठल्या टोकाला धरला, यात आहे.

आधी 'सरळ' म्हणजे काय ते पाहू. टेबल ज्या रेषेत सरकतं, त्या रेषेला व्हाइसचा फिक्स जॉ, म्हणजे न हलणारा जबडा, समांतर हवा, कारण कटर जॉबवर तीच रेषा कापतो. टेबलाच्या कडेला गुण्या टेकवून लावलेला व्हाइस डोळ्याला सरळच दिसतो, तरी १५० मिमीच्या जॉवर ०.१० मिमीचा फरक सहज राहतो. म्हणजे दीड किलोमीटरला एक मीटर. कोनात सव्वादोन मिनिटांच्या आसपास (अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट); व्हर्नियर बेव्हल प्रोट्रॅक्टर या कोनमापकाचा लघुतम माप पाच मिनिटांचा, त्यामुळे त्याला हा फरक दिसतच नाही.

व्हाइस चढवण्याआधी टेबल आणि व्हाइसचं बूड पुसा, मग तळहात फिरवा. फडक्यातून सुटलेला कण तळव्याला टोचतो. टी-स्लॉटच्या (टेबलावरच्या बोल्ट बसवायच्या खाचेच्या) तोंडाशी उठलेली बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, ऑइलस्टोनने सपाट करा. खंडेनवमीला मशीनची पूजा करणं हा कामाबद्दलचा आदर आहे, तो असावाच. पण वर्षभर लिंबू-मिरची टांगून जॉब बाद व्हायचे थांबत नाहीत. बूड पुसून थांबतात.

लिव्हर डायल (टोकाशी छोटी दांडी असलेला डायल) स्पिंडलला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याला, किंवा मॅग्नेटिक स्टँडने हेडला लावा. स्पिंडल जागचा हलता कामा नये, टेबल पुढे-मागे नेणारं सॅडलही लॉक करा. डायलचं टोक फिक्स जॉलाच टेकवा. मूव्हिंग जॉ खेळता असतो, त्याच्यावर भरवसा नाही. सुईला ०.२ मिमीचा दाब पुरे. लिव्हर जॉशी तिरका असला तर आकडा फुगतो: ३० अंशांना सुईने ०.१० दाखवलं तर खरे ०.०८७ असतात. मोजमाप घेताना ही चूक महागात पडते. इथे मात्र आपल्याला आकडा नको, दोन्ही टोकांना एकच वाचन हवं, आणि फरक शून्य असला की तो कितीही फुगवा, शून्यच राहतो.

आता खरा मुद्दा. व्हाइस टेबलाला धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी डावा पान्याने बऱ्यापैकी आवळा, उजवा नुसता धरता ठेवा. टोला बसला की व्हाइस डाव्या बोल्टाभोवती फिरतो. इतक्या छोट्या कोनात जॉवरचा एखादा बिंदू किती पुढे-मागे जाईल, हे तो त्या बोल्टापासून उजवीकडे किती दूर आहे एवढ्यावरच ठरतं. बोल्टाच्या अगदी समोरचा बिंदू पुढे-मागे जवळपास हलतच नाही. शून्य धरायची जागा तीच.

प्रत्यक्षात बोल्ट बहुधा जॉच्या बाहेर असतो. तो डाव्या टोकाच्या २० मिमी बाहेर आहे असं धरा. म्हणजे डावं टोक बोल्टापासून २० मिमीवर, उजवं १७० वर. डाव्या टोकाला शून्य केला, टेबल सरकवून उजवीकडे गेलात, सुईने ०.१० दाखवले. प्लास्टिकच्या हातोडीने व्हाइसच्या अंगावर हलके टोले देत सुई शून्यावर आणा. उजवं टोक ०.१० हललं, तेवढ्यात डावं हललं ०.१० गुणिले २० भागिले १७०, म्हणजे सुमारे ०.०१२. डावीकडे परत या, शून्य पुन्हा लावा, उजवीकडे जा: आता ०.०१२ चीच दुरुस्ती. ती झाल्यावर दीड मायक्रॉनच्या आत उरतो, जो ०.०१ च्या डायलवर वाचताही येत नाही. दोन फेऱ्यांत काम संपतं ते यामुळे.

आता हेच उलट करा. शून्य उजव्या टोकाला धरा आणि डावीकडचे ०.१० घालवायला टोले द्या. डावं टोक ०.१० हलायला उजव्याला ०.८५ मिमी हलावं लागतं! धरलेला शून्य केव्हाच पळालेला असतो, डायलची रेंजही संपत येते, आणि माणूस सुईमागे धावत राहतो. दोन्ही बोल्ट ढिले असतील तर आणखी वाईट, कारण व्हाइस कुठल्या बिंदूभोवती फिरतोय हेच ठरलेलं नसतं.

डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) किंवा सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) आलं की डायल नको, हाही असाच समज. मशीनला स्वतःचे अक्ष ठाऊक असतात, व्हाइस कुठे बघतोय हे ठाऊक नसतं. कंट्रोलमध्ये अक्ष फिरवायची सोय असली तरी तो कोन कुणीतरी मोजून द्यावाच लागतो.

बोल्ट पूर्ण आवळताना नट वॉशरला फिरवतो आणि वॉशर व्हाइसला ओढतो. म्हणून उजवा-डावा आलटून पालटून आवळा, वॉशर जाड वापरा, आणि शेवटी डायल परत फिरवा, टेबल प्रत्येक वेळी एकाच दिशेने सरकवून. दोन्ही टोकं जुळली पण मध्येच सुई ढळली, तर दोष व्हाइसच्या दिशेचा नाही. जॉ प्लेट झिजली आहे किंवा तिच्या मागे चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकली आहे. प्लेट काढून पुसा. मग डायल तिथेच ठेवून टेबल खाली-वर करा. इथे सुई सरकली तर जॉ उभ्यात कललेला आहे, तो टोल्यांनी सुटत नाही. व्हाइस उचला, बूड पुन्हा पुसा.