2147483647 आणि 4294967297 : मूळ कोणती, फसवी कोणती?

दोन्ही दहा आकडी, दोन्हींच्या शेवटी 7. दुसरी म्हणजे पहिलीची दुप्पट अधिक तीन. पहिली 2³¹ − 1, दुसरी 2³² + 1. त्यामुळे बोलताना यांची अदलाबदल होते, आणि तिथेच घोळ होतो. पहिली मूळ संख्या आहे, दुसरी नाही.

2 च्या घातातून 1 वजा केल्यावर मूळ संख्या यायची असेल, तर घातांकही मूळच लागतो. 31 मूळ आहे. अर्थात तेवढ्याने भागत नाही : 11 सुद्धा मूळ, पण 2¹¹ − 1 = 2047 = 23 × 89. वजाबाकीच्या जागी 1 मिळवला की अट बदलते. आता घातांकाला 1 सोडून एकही विषम विभाजक चालत नाही. 32 त्यात बसतो.

पहिल्या जातीला मर्सेनचं नाव, दुसरीला फर्माचं, दोघेही सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती. फर्माने 3, 5, 17, 257, 65537 या पाच संख्या पाहिल्या, पाचही मूळ, आणि पुढच्याही तशाच असणार असं त्याने मानलं. पाचांवरून अनंताची खात्री! सहावी म्हणजे आपली 4294967297. 1732 मध्ये स्विस गणिती ऑयलरने ती फोडली : 641 × 6700417.

641 हाती कसा लागतो, हे मला या सगळ्यात सर्वांत देखणं वाटतं. 641 म्हणजे 5 × 2⁷ + 1, आणि 641 म्हणजेच 5⁴ + 2⁴. पहिल्यावरून, 641 ने भागल्यावर 5 × 2⁷ ची बाकी −1 धरता येते. चौथा घात केला की 5⁴ × 2²⁸ ची बाकी 1. दुसऱ्यावरून 5⁴ च्या जागी −2⁴ ठेवा. −2³² ची बाकी 1 आली, म्हणजे 2³² + 1 ला 641 ने पूर्ण भाग गेला. कागदावर चार ओळी, मोठा भागाकार एकही नाही.

2147483647 मूळ आहे हे दाखवायला मात्र असा शॉर्टकट नव्हता. ऑयलरने 1772 मध्ये ते कळवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. विभाजक असलाच तर त्याला 248 ने भागून बाकी 1 किंवा 63 उरली पाहिजे, हे त्याने आधी ठरवलं. संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे 46340 पर्यंत, तपासलं की पुरतं, आणि तिथवर असे जेमतेम पावणेचारशे उमेदवार उरतात.

पुढे दोन्ही घराणी वेगळ्या वाटांनी गेली. मर्सेन मूळ संख्या 52 सापडल्या आहेत. 2024 मधल्या ताज्या संख्येत चार कोटींहून जास्त आकडे आहेत. फर्माच्या त्या पाचांनंतर सहावी मूळ संख्या अजून कुणालाही सापडलेली नाही.

संगणकवाल्यांना पहिली ओळखीची असते : जुन्या 32 बिटांच्या घड्याळांतली सेकंदांची मोजणी तिच्यावर संपते, 19 जानेवारी 2038 ला, भारतात सकाळी 8:44:07 वाजता. 32 बिटांच्या चिन्हरहित (ऋण किंमत न घेणाऱ्या) पूर्णांकाची कमाल मर्यादा मात्र 4294967295, शेवटी 95, 97 नव्हे. आणि ही 95 वाली म्हणजे फर्माच्या त्याच पाच मूळ संख्यांचा गुणाकार : 3 × 5 × 17 × 257 × 65537.