हेमिंग्जची यादी, प्लमरची वही

तांब्याची पातेली १९, त्यांची झाकणं १९. तांब्याचे झारे ३, पळ्या ३. आतून कलई केलेली उकळायची मोठी भांडी २. पितळी खलबत्ता १, संगमरवरी १. लाटणी २, किसण्या २, लाकडी चमचे ९. वॉफलचे साचे ३, गोठवलेल्या गोडासाठी साचे २. एप्रन ५.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या मॉन्टिचेलो इथे २० फेब्रुवारी १७९६ रोजी जेम्स हेमिंग्जने स्वतःच्या हाताने ही यादी लिहिली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफर्सनचं ते घर. जेम्स त्या घरचा आचारी आणि जन्मापासून गुलाम. पंधराच दिवसांपूर्वी, ५ फेब्रुवारीला, त्याच्या सुटकेचा कागद झाला होता. निघण्याआधी त्याने मुदपाकखान्याचा ताबा असा मोजून दिला. त्याच्या हातचं जे मोजकं लिखाण आज उरलं आहे, त्यातला हा कागद मुख्य. गुलामगिरीत राबलेल्या एखाद्या आचाऱ्याची वही किंवा रोजनिशी सापडते, तेव्हा स्थानिक इतिहासाचे अभ्यासक तिला इतकं का जपतात, ते या एका कागदावरून समजू लागतं.

जेम्सचा जन्म १७६५चा. आई एलिझाबेथ हेमिंग्ज गुलाम, वडील तिचा मालक जॉन वेल्स. जेफर्सनची बायको मार्था ही याच वेल्सची मुलगी, म्हणजे नात्याने जेम्सची सावत्र बहीण. हे नातं त्याला गुलामीतून सोडवायला उपयोगी पडलं नाही. १७८४ साली जेफर्सन पॅरिसला निघाला तेव्हा फ्रेंच स्वयंपाक शिकण्यासाठी १९ वर्षांच्या जेम्सला सोबत नेलं. तिथे तो उत्तम आचाऱ्यांच्या हाताखाली तयार झाला, जेफर्सनच्या पॅरिसमधल्या घराचा मुख्य आचारी झाला आणि त्याला पगारही मिळू लागला. पदरचे पैसे देऊन त्याने फ्रेंच शिकवणारा मास्तर लावला. फ्रान्सच्या भूमीवर असताना त्याला कोर्टात जाऊन सुटका मागता आली असती, तरी १७८९ साली तो परत आला. आई, भावंडं सगळी व्हर्जिनियात होती.

१५ सप्टेंबर १७९३ रोजी जेफर्सनने लेखी कबूल केलं की जेम्सने दुसऱ्या कुणाला ही सगळी विद्या शिकवून तयार केलं, की त्याला मोकळं करू. जेम्सने धाकटा भाऊ पीटर याला तयार केलं. स्वतःच्या सुटकेसाठी भावाला त्याच चुलीपुढे उभं करायचं, अशी ही अट होती. जेफर्सनच्या औदार्याचा दाखला म्हणून कुणी हा करार पुढे केला तर मला ते पटत नाही. आयुष्यभरात ६००हून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती आणि हयातीत त्याने रीतसर मुक्त केली ती दोन, जेम्स आणि त्याचा भाऊ रॉबर्ट. १८०१ साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर त्याने जेम्सला आचारी म्हणून बोलावणं पाठवलं, पण दुसऱ्याच्या हाती. स्वतः चार ओळी लिहून पाठवा, एवढंच जेम्सचं म्हणणं होतं. त्या ओळी आल्या नाहीत. त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये ३६व्या वर्षी त्याने आत्महत्या केली.

ही यादी टिकली ती जेफर्सनच्या दफ्तरामुळे. जेफर्सन बारीकसारीक कागदही जपून ठेवणारा, त्याची कागदपत्रं पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली आणि त्यांच्यासोबत आचाऱ्याचा कागदही. जेम्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकदोन गोडाच्या कृती उरल्या, त्यासुद्धा जेफर्सनच्या नातीच्या वहीतल्या नकलेत. मालकाच्या दफ्तरात मालकाला हवं तेच टिकतं. १९ पातेली टिकली. ती घासणाऱ्या, वापरणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, ते त्या कपाटात ठेवायचं कुणालाच कारण नव्हतं.

मुळात लिहिता येणं हीच मोठी गोष्ट होती. साउथ कॅरोलिनात १७४०च्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला १०० पौंड दंड होता. व्हर्जिनियाने १८३१ साली अशा शिकवण्या बेकायदा ठरवल्या. गुलामीतून सुटलेल्या आचारिणींपैकी अॅबी फिशर नावाजलेली. १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत तिचं पाककृतींचं पुस्तक छापलं गेलं, तेही तिने तोंडी सांगून दुसऱ्यांकडून लिहवून घेतलेलं. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं.

सरकारी कागदांची गत आणखी वाईट. १८५० आणि १८६०च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, वर्ण. नावाचा रकानाच नाही. दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० साली. आज आपल्या पणजोबांचा माग काढणारी माणसं या वर्षापाशी येऊन अडतात. त्याच्या मागे जायचं तर मालकाचे हिशेब, विक्रीखतं, मृत्युपत्रं चाळावी लागतात, जिथे माणसांची नोंद गुराढोरांच्या शेजारी असते. अशा वेळी १८७०च्या आधीची, घरच्या माणसाने घरच्या माणसांची नावं घालून लिहिलेली वही हाती आली तर तिची किंमत काय सांगावी!

अशी एक वही अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात लिहिली गेली. तिचा लेखक अॅडम फ्रान्सिस प्लमर, रिव्हर्सडेल नावाच्या मळ्यावरचा गुलाम. तो आचारी नव्हता, पण आपल्या विषयाला त्याच्याइतकं जवळचं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. १८४१ साली त्याचं एमिलीशी लग्न झालं, त्याच वर्षी त्याने लिहायला घेतलं. एमिली दुसऱ्या मालकाची, राहायला दुसऱ्या मळ्यावर. पुढे ती विकली गेली आणि आणखी लांब गेली. एक मुलगी थेट न्यू ऑर्लीन्सला विकली गेली. ज्या घराला एका छपराखाली राहायची मुभा नव्हती, ते या वहीत एकत्र आहे. मुलांचे जन्म, घरातले मृत्यू, पैशांचा हिशेब, सगळं त्यात लिहिलेलं. मेरीलँडमध्ये १ नोव्हेंबर १८६४ रोजी गुलामगिरी संपली. पुढे काही वर्षांतच अॅडमने स्वतःची जमीन घेतली आणि पांगलेली माणसं जमवली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या लढ्याने सुटलेल्या लाखो माणसांत हे कुटुंब होतं.

वही जपली ती घरच्यांनी. मुलगी नेली शिक्षिका झाली, तिने वडिलांच्या नोंदींच्या आधारे कुटुंबाचा इतिहास लिहून १९२७ साली छापला. मूळ वही आता वॉशिंग्टनच्या अॅनाकोस्टिया कम्युनिटी म्युझियममध्ये आहे. रिव्हर्सडेलचा वाडाही संग्रहालय झाला असून तिथे प्लमर कुटुंबाची हकिकत सांगितली जाते.

अशा वह्या टिकवणं हे चिकाटीचं काम. त्या काळची लोहयुक्त काळी शाई कागद आतून खात जाते, ओळीच्या ओळी चिरतात. १८५० नंतर चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा कागद वाढला, तो आम्लामुळे पिवळा पडून तुकडे होतो. म्हणून आम्लरहित पेट्या, बेताचं तापमान, कमी उजेड, आणि हाताळणी कमी व्हावी म्हणून एकदाच नीट केलेलं स्कॅनिंग. त्यानंतर अक्षर लावून ओळ न् ओळ उतरवणं. हे उतरवण्याचं काम स्थानिक माणसांच्या मदतीने व्हावं, असं माझं ठाम मत आहे. कुठला ओढा, कुठलं चर्च, कुणाचं आडनाव, हे गावच्या माणसाला चटकन कळतं. बाहेरचा अभ्यासक तिथे चार महिने घालवतो.

मालकीचा प्रश्नही नाजूक आहे. कुटुंबाने मूळ वही संग्रहालयाला द्यायची ठरवली तर उत्तम. द्यायची नसेल, तर चांगल्या प्रती काढून वही परत करावी, आणि ती घरात कशी ठेवायची हे जाऊन समजावून सांगावं.