आशियाई खेळांमधलं भारतीय जलतरण

आशियाई खेळांमध्ये (एशियन गेम्स) भारताची स्विमिंग टीम 1951 च्या पहिल्या स्पर्धेपासून उतरतेय, पण तिथल्या स्विमिंग पूलमधून आपल्याला पदकं फार थोडी मिळालीत. 1951 ची दिल्लीतली स्पर्धा सोडली तर त्यानंतरच्या एवढ्या वर्षांत फक्त तीन: 1986 ला सोलमध्ये खजान सिंगचं रौप्य, 2010 ला ग्वांगझूमध्ये कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ब्राँझ, आणि 2014 ला इंचॉनमध्ये संदीप सेजवालचं ब्राँझ. वॉटरपोलो आणि डायव्हिंग हे वेगळे प्रकार, त्यांचा हिशोब इथे धरलेला नाही. आता एवढीच पदकं म्हणजे कामगिरी वाईट, असं सरळ म्हणून मोकळं होता येतं आणि पेपरवाले दर चार वर्षांनी तेच करतात, पण टायमिंग नीट बघितले तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

आधी 1951. दिल्लीत सचिन नागने 100 मीटर फ्रीस्टाईल (हव्या त्या पद्धतीने पोहायची रेस) 1:04.7 मध्ये जिंकली आणि एशियन गेम्सच्या स्विमिंगमधलं भारताचं ते आजवरचं एकमेव सुवर्ण आहे. 1947 मध्ये कलकत्त्याच्या दंगलीत त्याच्या पायाला गोळी लागली होती, तरी तो पुढच्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकला गेला आणि मग तीन वर्षांनी हे गोल्ड. त्याच स्पर्धेत सिंगापूरच्या निओ च्वी कॉकने 400, 800 आणि 1500 फ्रीस्टाईल मारल्या होत्या, यावरून लक्षात येतं की तेव्हा जपान पूलमध्ये नव्हता, कारण त्या काळात लांब पल्ल्याच्या फ्रीस्टाईलमध्ये जपानच्या पोरांना हरवणं आशियात कोणाच्या बापाला जमलं नसतं. पण म्हणून नागचं पदक कमी होत नाही, समोर जे होते त्यांना त्याने हरवलं. सरकारला मात्र त्याची आठवण यायला 2020 उजाडलं, ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

यानंतर पस्तीस वर्षं काहीच नाही. 1986 ला दिल्लीच्या मुनिरका गावातला खजान सिंग टोकस 200 मीटर बटरफ्लायमध्ये (दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकत पोहायचं) 2:02.38 पोहून दुसरा आला. 200 बटरफ्लाय म्हणजे स्विमिंगमधली सगळ्यात जीव काढणारी रेस मानतात, शेवटच्या 50 मीटरमध्ये खांदे वर येत नाहीत अशी अवस्था होते, त्यामुळे हे रौप्य जुन्या कोच लोकांच्या तोंडी अजून असतं.

मग 24 वर्षांनी वीरधवल. 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकला गेला तेव्हा तो 16 वर्षांचा होता आणि 2010 मध्ये ग्वांगझूला 50 मीटर बटरफ्लायमध्ये 24.31 ला ब्राँझ. चार वर्षांनी सेजवालने 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये (बेडकासारखे हातपाय मारत पोहायचं) 28.26 ला ब्राँझ घेतलं. इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे, दोन्ही पदकं 50 मीटरच्या अशा स्ट्रोकमध्ये आली जे तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हतेच, ऑलिम्पिकला 50 मीटर फक्त फ्रीस्टाईल असायची. म्हणजे एशियन गेम्सला पदक मिळालं तरी तोच इव्हेंट घेऊन ऑलिम्पिकला जायची सोय नव्हती. 2028 च्या लॉस एंजेलिसपासून बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक (पाठीवर पोहायचं), ब्रेस्टस्ट्रोक तिन्ही 50 मीटर ऑलिम्पिकमध्ये आलेत, हे दोघांच्याही उमेदीनंतर झालं याचं मनापासून वाईट वाटतं.

आता जकार्ता 2018, कारण माझ्या मते भारतीय टीम नीट समजून घ्यायची तर पदक न मिळालेली ही स्पर्धाच बघावी. स्विमिंग गेलोरा बुंग कार्नोच्या पूलमध्ये होतं. पद्धत नेहमीची, सकाळी हीट्स, त्यातले टॉप आठ संध्याकाळी फायनलला. 50 मीटर फ्रीस्टाईलच्या हीटमध्ये वीरधवल 22.43 पोहला, स्वतःचाच 2009 पासूनचा 22.52 चा नॅशनल रेकॉर्ड मोडला, तोही मधली काही वर्षं पूलपासून लांब राहून, महाराष्ट्र सरकारच्या महसूल खात्यात तहसीलदार म्हणून नोकरी करत परत आल्यावर. संध्याकाळी फायनलला तो 22.47 ला पोचला. ब्राँझ गेलं जपानच्या शुनिची नाकाओला, 22.46 ला. एका सेकंदाचा शंभरावा भाग. त्या स्पीडला हे अंतर धरलं तर साधारण दोन सेंटिमीटर भरतं, म्हणजे बोटाचं एक पेर. टचपॅडवर (भिंतीवरचं, हात लागला की वेळ नोंदवणारं पॅड) हात सरळ ताणून लागला की मनगट जरा वाकडं होऊन लागला एवढ्यावर ते ठरतं, आणि सकाळचा स्वतःचाच टायमिंग संध्याकाळी परत आला असता तरी ब्राँझ त्याचंच होतं. 50 मीटरमध्ये चूक सुधारायला जागाच नसते, टर्न नाही, पेस बदलायला वेळ नाही, स्टार्टला ब्लॉकवरून निघताना किंवा शेवटच्या स्ट्रोकला जे गेलं ते गेलं.

त्याच जकार्तामध्ये सेजवाल 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या फायनलला 28 सेकंदांच्या आत पोहला, म्हणजे इंचॉनला ज्या टायमिंगला ब्राँझ मिळालं त्याहून फास्ट, आणि तरीही पदकाच्या जवळपास नव्हता. आपली पोरं पुढे गेलीत यात वाद नाही, पण चार वर्षांत आशिया त्याहून जास्त पुढे गेला. चीन आणि जपान तर आहेतच, त्यात कोरिया, कझाकस्तान, सिंगापूर यांचे एकेक वर्ल्ड क्लास स्विमर येत राहतात, म्हणून नुसतं पदकतालिकेत शून्य बघून निकाल लावणं मला पटत नाही.

साजन प्रकाश या आपल्याच स्विमरची गोष्टही जकार्तातलीच. केरळात तेव्हा महापूर होता, इडुक्कीत त्याच्या आजोळची माणसं अडकलेली, संपर्क होत नव्हता, आणि हा 200 बटरफ्लायच्या फायनलला उतरला, 1:57.75 ला नवीन नॅशनल रेकॉर्ड करून पाचवा आला. या रेसच्या फायनलला भारतीय पोचला तो 1986 नंतर पहिल्यांदाच, 32 वर्षांनी. बंगळूरचा श्रीहरी नटराज तेव्हा फक्त 17 चा होता, तोही बॅकस्ट्रोकच्या फायनलपर्यंत गेला.

याचं फळ दिसलं ते 2021 ला. साजनने रोममध्ये 200 बटरफ्लाय 1:56.38 ला पोहून ऑलिम्पिकचा ए कट (ज्या टायमिंगला थेट प्रवेश मिळतो तो) गाठला, असा थेट क्वालिफाय होणारा तो पहिला भारतीय, आणि लगेच मागोमाग श्रीहरीने 100 बॅकस्ट्रोकमध्ये 53.77 ला तेच केलं. त्याआधी आपले स्विमर ऑलिम्पिकला जायचे ते बी कट (त्याहून सोपा टायमिंग, ज्यावर प्रवेशाची खात्री नसते) किंवा कोट्याच्या जागेवर. टोकियोत सेमीफायनल दोघांनाही जमली नाही, दोघंही स्वतःच्या बेस्टपेक्षा स्लो पोहले, आणि मोठ्या स्पर्धेच्या सकाळच्या हीटमध्ये बेस्ट टायमिंग काढणं हा आपला जुना प्रॉब्लेम तिथे पुन्हा दिसला.

2022 ची हांगझूची स्पर्धा कोविडमुळे 2023 मध्ये झाली. तिथेही पदक नाही, साजन 200 बटरफ्लायमध्ये परत पाचवा आणि श्रीहरी 100 बॅकस्ट्रोकमध्ये सहावा, रिले (चौघांनी एकामागून एक पोहायची रेस) टीमही फायनलला पोचल्या. रिले फायनलकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही, पण एकटादुकटा हुशार पोरगा कुठूनही येऊ शकतो, रिलेला एकाच वेळी चार चांगले स्विमर लागतात, त्यामुळे देशातलं स्विमिंग किती पसरलंय ते तिथेच कळतं.

वीरधवलने 2023 मध्येच गोव्यातल्या नॅशनल गेम्समध्ये 50 फ्रीस्टाईलचं गोल्ड घेतलं आणि करिअर थांबवलं. बायकांची 50 फ्रीस्टाईल तिथे जिंकली ती त्याच्या बायकोने, ऋजुता खाडेने, तीही महाराष्ट्राकडूनच.

पुढची एशियन गेम्स 2026 ला जपानमध्ये आइची-नागोयाला आहे.