बेळगावची काळी वाळू आणि नकाशावरच्या रेघा

एक टन बिडाचं कास्टिंग, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून घडवलेला भाग, काढायचं तर त्याभोवती साच्यात चार ते सहा टन वाळू दाबावी लागते. कास्टिंग ट्रकमध्ये चढून कोल्हापूरला किंवा पुण्याला जातं. वाळू मागे राहते. तिच्यातली बरीचशी चाळून, गार करून पुन्हा साच्यात जाते, पण दर फेरीत काही भाग जळून निकामी होतो आणि कारखान्याबाहेर पडतो. बेळगावच्या उद्योगाचा विस्तार रुपयांत आणि टनांत मोजला जातो. तो जमिनीतही मोजावा, कारण आधी सत्तेच्या सीमा सरकल्या, त्यामागून कारखाने आले आणि आता कारखाने जमीन मागताहेत.

मुळात बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीच्या आसपास ना दगडी कोळशाची खाण आहे, ना पोलादाची भट्टी. तरी ओतकाम इथं रुजलं, त्याचं मूळ 1818 मध्ये आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये थॉमस मन्रोच्या फौजेनं बेळगावचा भुईकोट किल्ला घेतला. एका बाजूला पोर्तुगीजांचं गोवं, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर, सांगली, जमखंडीसारखी संस्थानं, मध्ये साडेसातशे मीटर उंचीवरचं थंड पठार. ईस्ट इंडिया कंपनीनं इथं छावणी बसवली. 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचे मीटरगेज रूळ आले आणि पुढे लोंढा, कॅसलरॉकवरून मुरगाव बंदराशी जोडले गेले. सपाट रुळावर एक टन माल ओढायला तीन ते पाच किलोचं बळ पुरतं. कच्च्या रस्त्यावर बैलगाडीला त्याच्या दहापट किंवा जास्त लागतं. कोक (भट्टीसाठी भाजलेला दगडी कोळसा) आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) यांसारखा जड, स्वस्त माल दुरून आणणं रुळांमुळेच परवडू लागलं.

सीमा उद्योगाला आणते तशी हुसकावूनही लावते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. तिथून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. शहर वाढत होतं. नव्या ठळकवाडी वसाहतीच्या आखणीत, म्हणजे आजच्या टिळकवाडीच्या बाजूला, त्यांच्या कारखान्याची जागा गेली. 1910 मध्ये त्यांनी ब्रिटिश हद्द सोडली आणि औंध संस्थानात कुंडलजवळच्या 32 एकर माळावर कारखाना नेला. औंधच्या राजानं जमीन दिली, कर्जही दिलं. कुंडल रोड स्टेशन त्याच रेल्वेमार्गावर होतं, हेही विसरू नये. जमीन नव्या राज्यात मिळाली तरी कच्चा माल जुन्याच रुळांवरून यायचा होता. खुद्द बेळगावाला लागून असलेलं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. एका पेठेतून दुसरीत जाताना माणूस राज्य ओलांडत असे.

सीमा नकाशावर असते, तशी रुळांतही असते. मीटरगेज 1000 मिलिमीटरचं, ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचं. जिथं रूळ बदलतो तिथं माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागतो. बेळगावच्या मालासाठी हे ठिकाण आधी पुणे होतं. 1971 मध्ये पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर ते मिरजेला आलं, आणि 1990 च्या दशकात पुढचा मार्ग रुंद झाल्यावर हा त्रास संपला. मजुरी हा खर्चाचा लहान भाग. खरं नुकसान कोकचं व्हायचं. कुपोला भट्टीत, म्हणजे कोक जाळून लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीत, कोकचा खडा भट्टीच्या आतल्या व्यासाच्या आठव्या ते दहाव्या हिश्शाएवढा असावा लागतो. 60 सेंटिमीटर व्यासाच्या भट्टीला सहा-सात सेंटिमीटरचा. प्रत्येक उचलफेकीत खडे फुटतात. चुरा भट्टीत गेला की हवेच्या वाटा बंद होतात, उष्णता घसरते, लोखंडाचा रस गार निघतो आणि पातळ भिंतीच्या कास्टिंगमध्ये दोन प्रवाह भेटूनही जुळत नाहीत. तिथं जी शीव राहते तिला कोल्ड शट म्हणतात. पंप-बॉडीत ती राहिली की दाब येताच गळती लागते.

आज बहुतेक भट्ट्या विजेच्या आहेत. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवून ओतण्याच्या तापमानाला न्यायला सुमारे 550 ते 650 युनिट वीज लागते, म्हणून आता राज्याची सीमा विजेच्या दरात जाणवते. विक्रीकराचंही तसंच होतं. बेळगावचं कास्टिंग कोल्हापूरच्या मशीन शॉपनं घेतलं तर त्यावर सी फॉर्म (सवलतीच्या दरासाठीचा दाखला) देऊनही दोन टक्के केंद्रीय विक्रीकर बसे, आणि त्याची वजावट घेणाऱ्याला मिळत नसे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ही रेघ पुसली गेली.

वाळूची गोष्ट मात्र कायद्यानं सुटत नाही. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, त्यात सहा ते दहा टक्के बेंटोनाइट माती, तीन ते पाच टक्के कोळशाची भुकटी आणि तीन ते चार टक्के पाणी. भुकटी जळून जो वायू होतो तो रस आणि वाळू यांच्यामध्ये पडदा धरतो, म्हणून कास्टिंगचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो. पाण्याचं प्रमाण सर्वांत नाजूक. मूठभर वाळू दाबून गोळा करा आणि मोडा: कडा स्वच्छ तुटली तर ठीक, भुगा झाला तर कोरडी, हाताला चिकटली तर ओली. 1300 अंशांना एक मिलिलिटर पाण्याची सात लिटरपेक्षा जास्त वाफ होते. वाळूतून तिला वाट मिळाली नाही तर ती रसात शिरते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूची पोकळी, पडतं. बेळगावचा जुलै यासाठी वाईट. नवी वाळू ओलीच उतरते, हवेतला दमटपणा कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारे वाळूचे ठोकळे) शोषून घेतात. त्यामुळे पावसाळ्यात वाळू झाकून ठेवणं, नवी वाळू वाळवूनच मिसळणं आणि कोअर ओतण्याआधी पुन्हा गरम करणं ही कामं टाळता येत नाहीत.

दर ओतण्याला रसाजवळचा बेंटोनाइट जळून मरतो आणि कणांवर त्याचा थर बसतो. बारीक धूळ वाढते, वाळूतून वायू निघेनासा होतो. मग नवी वाळू घालायची आणि तेवढीच जुनी काढायची. महिन्याला 300 टन कास्टिंग काढणाऱ्या फौंड्रीत टनामागे 300 किलो वाळू टाकाऊ धरली, तर 90 टन होते. घनमीटरला दीड टन या हिशोबानं 60 घनमीटर. फूटभर जाडीनं पसरली तर 200 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे. वर्षाला 24 गुंठे, अर्ध्या एकराहून जास्त, तेही एकाच कारखान्याची.

ही जमीन पूर्वी भाताची होती आणि शहर तिच्यावरच पसरतं आहे, म्हणून मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो. वाळू कमी टाकायचे उपाय अवघड नाहीत. वाळूचे घट्ट झालेले गोळे फोडून चुंबकानं लोखंडाचे थेंब काढा. वाळू 45 अंशांखाली गार होऊ द्या, कारण गरम वाळूतून ओल उडते आणि साच्याच्या कडा झडतात. धूळ हवेनं ओढून घ्या. धूळ ओढणाऱ्या यंत्रणेचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे: साचा फोडताना आणि घासकाम करताना उडणारे, दहा मायक्रॉनहून लहान सिलिकाकण फुप्फुसात रुतून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. तोंडावरचा रुमाल त्यांना अडवत नाही.

टाकाऊ वाळू पेव्हर ब्लॉकमध्ये किंवा रस्त्याच्या भरावात जाऊ शकते. मात्र काँक्रीटमध्ये तिनं नेहमीच्या वाळूचा थोडाच भाग बदलावा, कारण माती आणि कोळसा सिमेंटची पकड सैल करतात. आणि फेनॉलच्या राळेनं बांधलेली कोअरची वाळू साच्याच्या काळ्या वाळूत कधीच मिसळू नये. पावसात तिच्यातलं विषारी फेनॉल सुटतं, इथला जांभा सच्छिद्र आहे, आणि खालच्या विहिरीपर्यंत ते पोचू शकतं. दोन वाळूंसाठी दोन बंदिस्त जागा, खाली काँक्रीटची फरशी आणि वर छप्पर, एवढं कारखान्याच्या आराखड्यातच धरावं. नंतर त्यासाठी जागा उरत नाही.