मांजराची नखं कायमची काढणं म्हणजे नखं कापणं नव्हे

‘ऑपरेशन करून मांजराची नखं एकदाच काढा, नखं कापण्याइतकंच सोपं, सोफाही वाचतो’ असा समज वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतो. आपल्या नखांवरून तसं वाटणं स्वाभाविक आहे.

पण मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच वाढतं. ते पुन्हा उगवू नये म्हणून ते हाडच सांध्यापासून कापतात. पुढच्या दोन पायांची मिळून १० हाडं जातात. व्हेटकडे पंजाचा एक्स-रे पाहिलात तर नख आणि हाड वेगळं करता येत नाही, हे लगेच कळतं.

मांजर बोटांवर चालतं, त्यामुळे हाडं गेली की पायांवरचा भार बदलतो. पंजे दुखले की रेती उकरणं नकोसं होतं, मग ते घरात कुठेही लघवी करतं. काही मांजरं चावायला लागतात. हाडाचा तुकडा राहिला तर नख वेडंवाकडं उगवतं. एका सोफ्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

ओरबाडण्यामागे कारण असतं: नखाचं जुनं आवरण निघतं, अंग ताणलं जातं, वास सोडला जातो. म्हणून सोफ्याशेजारीच माडाच्या ओंडक्याला सुंभ घट्ट गुंडाळून उभा करा. उंची ७५ ते ९० सेंमी, बूड जड. एकदा डगमगला की मांजर त्याकडे फिरकत नाही. गोव्याच्या पावसात सुंभाला बुरशी येते, म्हणून ओंडका सोप्यावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, ठेवू नका.

दर २-३ आठवड्यांनी बोट हलकेच दाबून नखाचं पारदर्शक टोक १-२ मिमी कापा. गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोर लावून काही मिनिटं दाबून धरा.