पन्नास टक्के आवाज म्हणजे निम्मा नव्हे

लिनक्स या संगणक-प्रणालीच्या टर्मिनलवर (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) 'पीएसीटीएल' या कमांडला स्पीकरचा आवाज विचारला, तर ती एकाच पातळीचे तीन आकडे देते: ३२७६८, ५०%, उणे १८.०६ डेसिबल. पडद्यावरच्या स्लायडरला फक्त मधला ठाऊक असतो.

ही कमांड बोलते साउंड सर्व्हरशी. ब्राउझरमधलं गाणं, व्हिडिओ कॉल, मेल आल्याची टिंग हे सगळं एकत्र मिसळून साउंड कार्डाकडे धाडायचं काम त्याचं. पूर्वी ते पल्सऑडिओ करायचा. २०२१ मध्ये फेडोरा ३४ या लिनक्सच्या आवृत्तीने त्याच्या जागी पाइपवायर हा नवा सर्व्हर बसवला आणि पुढे इतर लिनक्सही तिकडे वळली. पाइपवायरला पल्सऑडिओची बोली येते, म्हणून जुनी कमांड अजून चालते.

आता तो तिसरा, डेसिबलचा (आवाजाच्या पातळीच्या मापाचा) आकडा. डिजिटल आवाज म्हणजे नमुन्यांची, अर्थात आकड्यांची रांग. आवाज कमी करायचा तर प्रत्येक नमुन्याला अपूर्णांकाने गुणायचं. ५०% साठी सरळ ०.५ने गुणलं, तर आवाज उतरतो ६ डेसिबल. कानाला मात्र तो निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावा लागतो. स्लायडरचा खालचा भाग मग उगाच खडा चढ होऊन बसतो. त्यावर उपाय म्हणून सर्व्हर टक्क्यांचा घन करतो: ०.५ × ०.५ × ०.५ = ०.१२५. म्हणजे आठवा हिस्सा! १०% वर तर हजारावाच उरतो. कानाचं गणित यात तंतोतंत बसत नाही (५०% वर आवाज निम्म्याहूनही बारीक लागतो), पण स्लायडर हाताला बरा लागतो.

पीएसीटीएलने आवाज ५ टक्क्यांनी वाढवायला '+५%' लिहितात. त्यातलं अधिकचं चिन्ह राहिलं, तर आवाज वाढायच्या ऐवजी थेट ५ टक्क्यांवर, म्हणजे उणे ७८ डेसिबलवर आदळतो. मग लोक हेडफोनची पिन काढघाल करत बसतात.

उलट बाजूला पीएसीटीएल १०० टक्क्यांवर थांबत नाही. १५०% म्हणजे ३.३७५ पट. १६ बिटच्या नमुन्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. १२०००चा नमुना ४०५०० झाला की त्याचा माथा छाटला जातो आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. पुटपुटत रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाला हा वाढीव जोर खुशाल द्यावा, गाण्याला नको. कीबोर्डच्या बटणाला कमांड जोडायची असेल, तर पाइपवायरसोबत येणाऱ्या वायरप्लंबर या जोड-प्रोग्रामची 'डब्ल्यूपीसीटीएल' ही कमांड बरी: तिला '-एल १.०' सांगितलं की बटण कितीही दाबा, आवाज शंभरापुढे जात नाही.